सभासद, मित्र आणि शेजारी : अमोस ओझ यांच्या कथांतला किबुत्झ

एका सहकारी संस्थेत मी बावीस वर्षे कारकून होतो. इतर कामांबरोबर संचालक मंडळाच्या आणि वार्षिक सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्ताची वही लिहिणे माझ्याकडे असे. विषय क्रमांक, सूचक, अनुमोदक, ठराव सर्वानुमते मंजूर. सभेत दोन तास आरडाओरडा झालेला असला तरी वहीत त्याच्या तीन ओळी होत. त्यामुळे अमोस ओझ यांचा ‘बिटवीन फ्रेंड्स’ हा कथासंग्रह जुन्या पुस्तकांच्या दुकानात हाती लागला, तेव्हा तो मी आधी ओळखीचे जग म्हणून वाचला, साहित्य म्हणून नंतर. त्यातल्या एका कथेत तरुण मुलाला परदेशी शिकायला जाऊ द्यायचे की नाही, हा प्रश्न गावाच्या सर्वसाधारण सभेपुढे यायचा असतो. तीन ओळींच्या ठरावामागे काय काय असते, ते सांगणारा लेखक मला भेटला होता.

त्यानंतरची काही वर्षे मी ओझ आणि त्यांचे गाव हुल्दा यांच्या मागे आहे. मला हिब्रू येत नाही, सारे वाचन इंग्रजी अनुवादांतून झाले आहे. म्हणून भाषाशैलीविषयी मी फारसे बोलणार नाही. मला जो प्रश्न पडला तो शैलीचा नाहीच. ओझ यांच्या कथांमध्ये कोणाची नोंद होते आणि कोणाची होत नाही, एवढाच तो आहे.

१

मराठी माणसाला इस्रायल दोन वाटांनी जवळचा. एक वाट कोकणातून गेलेल्या बेने इस्रायलांची, आपल्या शनवार तेल्यांची. दुसरी ठिबक सिंचनाची. १९६५ साली नेगेवच्या वाळवंटातल्या हात्झेरिम या किबुत्झमध्ये ठिबकची नेताफिम कंपनी सुरू झाली आणि पुढे ते तंत्र आपल्या द्राक्षबागांपर्यंत आले. पण किबुत्झ म्हणजे नेमके काय, हे आपल्याकडे बहुधा कौतुकाच्या दोन वाक्यांत संपते.

किबुत्झ म्हणजे सामुदायिक मालकीचे शेतीगाव. पहिला, देगानिया, १९१० साली गालिली सरोवराच्या काठी वसला. आज इस्रायलमध्ये सुमारे २७० किबुत्झ आहेत. मूळ नियम असा की जमीन, घर, अवजारे, कमाई यांतले काहीच एकट्याचे नाही. प्रत्येकाने जमेल तेवढे काम करायचे आणि गरजेपुरते घ्यायचे. जेवण सामुदायिक भोजनगृहात, कपडे सामुदायिक धुलाईघरात. उद्या कोण कापसाच्या शेतात, कोण गोठ्यात आणि कोण भांड्यांवर, हे कामवाटपाच्या यादीवरून कळायचे. मुले आईवडिलांच्या खोलीत झोपत नसत. तान्हेपणापासून ती बालगृहात वाढत आणि संध्याकाळी काही तास आईबापांकडे येत. ही बालगृहात झोपण्याची पद्धत १९९० च्या दशकात जवळपास सगळीकडून गेली. १९८५ च्या आर्थिक संकटानंतर बहुतेक किबुत्झांनी पगार आणि खाजगी मालकीही स्वीकारली. ओझ ज्या किबुत्झविषयी लिहितात तो त्याआधीचा, मुख्यतः १९५० आणि ६० च्या दशकांतला.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. ‘इस्रायली वसाहत’ हे शब्द आज आपण वर्तमानपत्रात वाचतो ते १९६७ च्या युद्धानंतर पश्चिम किनाऱ्यावर उभ्या राहिलेल्या वस्त्यांविषयी. हुल्दा त्यांतली नाही. रेहोवोत शहर आणि लात्रुन यांच्या दरम्यान, येरुशलेमकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्याच्या बाजूला, १९४९ च्या सीमारेषेच्या आत ते आहे. ओझ यांच्या लेखी हा फरक फार मोठा होता. त्याकडे मी पुढे येतो.

२

हुल्दाची सुरुवात १९०९ च्या सुमाराची. ज्यू राष्ट्रीय निधीच्या जमिनीवर थिओडोर हर्झल यांच्या स्मरणार्थ जंगल लावायचे आणि शेतीचे शिक्षण द्यायचे, अशी योजना होती. ऑगस्ट १९२९ च्या दंगलीत या शेतावर हल्ला झाला. बचावाचे नेतृत्व करणारा एफ्राइम चिझिक मारला गेला, ब्रिटिशांनी उरलेल्यांना बाहेर काढले आणि वस्ती जळाली. बात्या लिशान्स्की या शिल्पकर्तीने केलेले चिझिकचे स्मारक हुल्दात आहे. पुढे गोर्दोनिया या तरुणांच्या चळवळीतली माणसे तिथे आली आणि गाव पुन्हा उभे राहिले. शरीरश्रमानेच माणूस आणि समाज बरा होतो, असे मानणाऱ्या ए. डी. गोर्दोन यांच्या नावाची ही चळवळ होती.

शेजारी खुल्दा नावाचे अरबी गाव होते. नाव एकच, उच्चाराचा काय तो फरक. वस्ती तीनशेच्या आतली, बहुतेक शेतकऱ्यांची. १९४८ च्या युद्धात वेढल्या गेलेल्या येरुशलेमला रसद पोचवणारे ट्रकांचे तांडे हुल्दातून निघत. मार्चच्या अखेरीस अशा एका तांड्यावर हुल्दाजवळ हल्ला होऊन बरेच लोक मारले गेले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रस्ता मोकळा करण्याची मोहीम सुरू झाली, तीत खुल्दा ज्यू सैन्याने घेतले आणि त्याच महिन्यात पाडून टाकले. त्याच्या जमिनीवर मिश्मार डेव्हिड हा नवा किबुत्झ आला. खुल्दाची माणसे परतली नाहीत.

सहा वर्षांनी, १९५४ साली, येरुशलेमहून अमोस क्लाउस्नर नावाचा मुलगा हुल्दाला आला. वय पंधरा. दोन वर्षांपूर्वी आईने आत्महत्या केलेली. घर पुस्तकांनी भरलेले आणि वडिलांशी बोलणे जवळपास थांबलेले. त्याने आडनाव टाकले आणि ‘ओझ’ हे नवे नाव घेतले. हिब्रूत ओझ म्हणजे बळ. पुढची तीस-बत्तीस वर्षे तो हुल्दाचा होता. कापसाच्या शेतात त्याने काम केले, किबुत्झने पाठवले म्हणून विद्यापीठात तत्त्वज्ञान आणि साहित्य शिकला आणि परत येऊन गावच्या शाळेत शिकवू लागला.

लिहिण्यासाठी त्याला सभेकडून दिवस मागून घ्यावे लागले. आधी आठवड्याला एक दिवस, पुस्तके आल्यावर दोन, मग तीन. १९६८ च्या ‘माय मायकल’ने पैसा मिळवून दिला, तो किबुत्झच्या खात्यात जमा झाला. तेव्हा आपण एकदम शेतीची एक शाखा झालो, असे ओझ पुढे गमतीने सांगत. तरी भोजनगृहात वाढण्याची पाळी त्यांना चुकली नाही. मुलाच्या दम्यामुळे १९८६ साली कुटुंब वाळवंटाच्या कडेच्या अराद गावी गेले. २०१८ च्या डिसेंबरात ओझ वारले तेव्हा त्यांना पुरले मात्र हुल्दालाच.

३

‘बिटवीन फ्रेंड्स’ हा संग्रह २०१२ चा, म्हणजे हुल्दा सोडून पंचवीस वर्षे झाल्यानंतरचा. आठ कथा, आठही येखात नावाच्या काल्पनिक किबुत्झमधल्या. एका कथेचा नायक दुसऱ्या कथेत भोजनगृहात बसलेला दिसतो. गाव लहान असले की असेच होते.

त्यातला माळी त्स्वी प्रोविझोर रेडिओवरच्या वाईट बातम्या सगळ्यांना सांगत फिरतो. कुठे भूकंप, कुठे विमान पडले. विधवा लुना ब्लांक त्याच्याजवळ येऊ पाहते, तेव्हा जगभरच्या दुःखाचा हा वाहक एका हाताच्या स्पर्शाने बिथरतो. धुलाईघरात काम करणाऱ्या ओस्नातला नवरा सोडून जातो, पण जातो तो त्याच गावातल्या आरिएलाकडे. म्हणजे भोजनगृहात रोज समोर दिसणार. आरिएला ओस्नातला चिठ्ठ्या लिहू लागते. चांभारकाम करणारा मार्टिन फुप्फुसाच्या आजाराने खंगत जातो, पण जगाची भाषा एक झाली तर युद्धे थांबतील या भरवशावर एस्पेरांतो शिकवत राहतो. वीजदुरुस्ती करणाऱ्या नाहुमची सतरा वर्षांची मुलगी एदना, नाहुमच्याच वयाच्या दाविद दागान या शिक्षकाकडे राहायला जाते. दाविद नाहुमचा जुना मित्र आणि गावातला मोठा विचारवंत. नाहुम तिला आणायला निघतो.

या कथांचे बळ आहे ते घटनांच्या लहानपणात. जमीन सगळ्यांची, भाकरी सगळ्यांची, तरी एकटेपणा वाटून घेता येत नाही, हे ओझ कुठेही न बजावता दाखवतात. बालगृहातला लहानगा ओदेद रात्री अंधारातून आईबापांच्या घराकडे पळत सुटतो, ती कथा वाचताना समतेच्या तत्त्वाची किंमत कोण मोजतो हे समजते. आणि तरी लेखक किबुत्झची टवाळी करत नाही. हरलेल्या नाहुमविषयी किंवा मरणाऱ्या मार्टिनविषयी त्याला जी माया आहे, ती त्या माणसांच्या स्वप्नाविषयीचीही माया आहे.

संग्रहाचे हिब्रू नाव ‘बेन हावेरिम’. ‘हावेर’ म्हणजे मित्र, आणि किबुत्झच्या सभासदालाही हाच शब्द. ‘मित्रांमध्ये’ आणि ‘सभासदांमध्ये’ असे दोन्ही अर्थ त्या नावात आहेत. इंग्रजीत मित्र उरले, सभासद गळाला. मला वाटते, या साऱ्या लेखनाची किल्ली गळालेल्या अर्थात आहे. ओझ यांच्या किबुत्झ-कथा हे सभासदांचे इतिवृत्त आहे. आम्ही वहीत लिहीत नव्हतो ते सगळे त्यात आहे, पण वही सभासदांची आहे.

४

मग शेजाऱ्याचे काय? ओझ यांनी शेजारी विसरलाच, असे म्हणणे खोटे ठरेल. पडके अरबी गाव त्यांच्या कथांत पुन्हा पुन्हा येते.

‘ए परफेक्ट पीस’ ही १९८२ ची कादंबरी घ्या. ग्रानोत या किबुत्झच्या जवळ शेख दाहर या गावाचे अवशेष आहेत. नायक योनातान हा संस्थापकांच्या पिढीतल्या नेत्याचा मुलगा. बापाच्या आदर्शांखाली दबलेला, बायकोशी अबोल झालेला. त्याला कुठेतरी निघून जायचे आहे. ‘बिटवीन फ्रेंड्स’मधल्या ‘देइर अजलून’ या कथेचे नावच अशा एका ओसाड गावाचे आहे. योतामला इटलीतल्या मामाने शिक्षणाला बोलावले आहे. परवानगी सभेने द्यायची. उष्ण वाऱ्याच्या दिवशी योताम एकटाच त्या अवशेषांकडे जातो.

दोन पुस्तकांत तीस वर्षांचे अंतर आहे, पण पडक्या गावाचे काम एकच. किबुत्झचा मुलगा घुसमटला की तिथे जातो. सभासदत्वाच्या कुंपणाबाहेरची ही एकमेव जागा, जिथे कामवाटप नाही, सभा नाही. तिथे तो स्वतःच्या सुटकेचा विचार करतो. त्या भिंती कोणाच्या, विहीर कोणी खणली, ती माणसे आता कुठे आहेत, हे प्रश्न हवेत असतात. पण कथेचा भार त्यांच्यावर पडत नाही, तो मुलाच्या एकटेपणावर पडतो. दुसऱ्याच्या उजाड घराचा उपयोग आपल्या मनाच्या उजाडपणासाठी केला जातो.

जिवंत शेजारी शोधायचा तर मागे, १९६५ च्या पहिल्या संग्रहातल्या ‘नोमॅड अँड व्हायपर’ या कथेकडे जावे लागते. दुष्काळामुळे बदाऊन भटके उत्तरेकडे सरकून किबुत्झच्या शिवारात येतात. गेउला ही अविवाहित सभासद बागेत एका बदाऊन तरुणाला भेटते. तो तिला काही करत नाही, पण ओढ आणि भीती यांच्या गोंधळातून तिच्या मनात अत्याचाराची गोष्ट तयार होते. गावातली पोरे काठ्या घेऊन निघतात. कथा सांगणारा ‘आम्ही’ म्हणून बोलतो, हे फार महत्त्वाचे. समूहाच्या मनात शत्रू कसा तयार होतो, ते त्या पंचविशीतल्या लेखकाने निर्भयपणे दाखवले आहे. पण तिथेही बदाऊन आपल्याला दिसतो तो गेउलाच्या आणि ‘आम्ही’च्या डोळ्यांतूनच.

मी वाचलेल्या ओझ यांच्या किबुत्झ-कथांत शेजारी एक तर भटका आहे, नाही तर दगड. खुल्दात राहणारा शेतकरी त्यांत नाही. मला हे महत्त्वाचे वाटते, कारण शेतकरी हाच किबुत्झच्या माणसाच्या बरोबरीचा. दोघांना जमीन लागते, दोघे पावसाची वाट पाहतात, दोघांची मुले त्याच मातीत खेळतात. भटक्याची भीती वाटू शकते, दगडाकडे पाहून उदास होता येते. पण आपल्यासारखाच शेतकरी समोर उभा राहिला तर त्याला उत्तर द्यावे लागते.

५

यावर आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. ‘ए टेल ऑफ लव्ह अँड डार्कनेस’ या २००२ च्या आत्मकथेत ओझ यांनी हे उत्तर देण्याचा प्रयत्न केला आहे. त्यात हुल्दातल्या एका रात्रपाळीच्या पहाऱ्याचा प्रसंग आहे. तरुण अमोस सोबतच्या वडीलधाऱ्या सभासदाला, एफ्राइम अव्नेरीला, अरबांविषयी विचारतो. अव्नेरी सांगतो त्याचा आशय असा : त्यांच्या बाजूने पाहिले तर आपण दुसऱ्या ग्रहावरून येऊन त्यांच्या जमिनीवर उतरलो, मग त्यांनी आपले स्वागत करावे अशी अपेक्षा कशी धरायची? आपल्यालाही जायला दुसरी जागा नव्हती, हेही तो सांगतो. त्याच पुस्तकात येरुशलेमच्या सिल्वानी कुटुंबाच्या घरी गेलेला आठ वर्षांचा अमोस झाडावर चढून मिरवताना एका लहान अरब मुलाला नकळत जबर इजा करतो. ती अपराधी जाणीव लेखकाला आयुष्यभर पुरली.

म्हणजे ओझ यांना दिसत नव्हते असे नाही. आठवण सांगताना त्यांना शेजाऱ्याचे घर, अंगण, मूल सारे दिसते. कथा रचताना मात्र किबुत्झचे कुंपण आड येते. याचे एक कारण मला त्यांच्या राजकीय भूमिकेत दिसते. १९६७ नंतर लगेच, जिंकलेला प्रदेश ताब्यात ठेवू नये, असे जाहीरपणे लिहिणाऱ्या थोड्या लेखकांत ते होते. दोन राष्ट्रे हा तोडगा त्यांनी अखेरपर्यंत मांडला. १९८२ च्या शरदात ते देशभर फिरले, पश्चिम किनाऱ्यावरच्या ओफ्रा वसाहतीत जाऊन तिथल्या लोकांचे ऐकून घेतले आणि त्यांच्याशी वादही घातला. त्या वादाचा पाया असा, की १९४८ चे युद्ध जगण्यासाठी होते आणि १९६७ नंतरच्या वस्त्या हव्यासापोटी आहेत. हुल्दा आणि ओफ्रा एक नव्हेत. राजकारण म्हणून हा फरक मला पटतो. पण तो टिकवायचा तर १९४८ चे पान फार वेळ उघडे ठेवणे कठीण होते. कथेतले पडके गाव त्यामुळे नेहमी आधीच पडलेले असते. पडताना ते कोणी पाहत नाही.

दुसऱ्या एका हिब्रू लेखकाने ते पाहिले होते. एस. यिझहार १९४८ च्या युद्धात गुप्तवार्ता अधिकारी होते. १९४९ सालीच त्यांची ‘खिरबेत खिझे’ ही दीर्घकथा आली. एका अरबी गावातल्या म्हाताऱ्यांना, बायकांना, मुलांना ट्रकांत घालून सीमेपलीकडे पाठवणाऱ्या सैनिकांपैकीच एक जण ती सांगतो. शेवटाकडे तो मनाशी चित्र रंगवतो : इथे आता आपले निर्वासित येतील, सहकारी दुकान निघेल, शाळा होईल. सहकारी दुकान! मी ते वाक्य वाचून पुस्तक खाली ठेवले होते. ही कथा पुढे इस्रायलच्या शाळांत शिकवली गेली, म्हणजे तो समाज ती वाचू शकत होता. यिझहार ओझपेक्षा मोठे लेखक आहेत की नाही, हा माझा मुद्दा नाही. सभासद असूनही गाव पडतानाची नोंद करता येत होती, एवढेच त्यातून दिसते.

आणि कुंपणापलीकडचा माणूस स्वतः बोलतो तेव्हा? महमूद दरवीश ओझ यांच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. गालिलीतले त्यांचे अल-बिर्वा गाव १९४८ मध्ये गेले. कुटुंब लेबनॉनला पळाले आणि वर्षभराने चोरून परतले, तेव्हा गाव उरले नव्हते. त्याच्या जमिनीवर १९४९ साली यासूर हा किबुत्झ वसला. देशात असूनही कायद्याने हा मुलगा ‘उपस्थित अनुपस्थित’ ठरला. ओझ यांच्या कथेत योताम जिथे विचार करायला जातो, तिथला मुलगा मोठा होऊन कवी झालेला असू शकतो, हे दरवीश वाचल्यावर कळते. मग तेच अवशेष पुन्हा वाचताना तितके शांत वाटत नाहीत.

६

हे सगळे लिहिताना माझी वही मला आठवत राहिली. आमच्या संस्थेने गोदाम वाढवले तेव्हा शेजारची चार-पाच झोपडी उठवली गेली. माणसे अनेक वर्षांपासून तिथे होती. त्यांतल्या दोन बाया आमच्याच अंगणात धान्य निवडायला येत. त्या महिन्याच्या इतिवृत्तात मी लिहिले : ‘लगतची जागा मोकळी करून घेण्यात आली.’ वाक्यात कर्ता नव्हता, कर्मही नव्हते. कोणी मला तसे लिही म्हणून सांगितले नव्हते. ती माणसे सभासद नव्हती, म्हणून त्यांची नावे लिहायचे मनातच आले नाही. चार झोपडी आणि १९४८ यांची बरोबरी मी करत नाही. ते वाक्य कसे तयार होते, एवढे मात्र मला आतून माहीत आहे. ओझ यांच्यावर मी जे लिहिले ते न्यायाधीश म्हणून लिहिलेले नाही.

म्हणून ‘बिटवीन फ्रेंड्स’ वाचू नका, असे मी कोणाला सांगणार नाही. लहान गावातल्या रोजच्या जगण्याचे, समतेचे स्वप्न पाहणाऱ्या माणसांच्या थकव्याचे इतके नेमके आणि मायेचे चित्र मी दुसरीकडे वाचलेले नाही. आपल्याकडे सहकाराचा एवढा मोठा पसारा असताना सभासदांच्या मनात शिरणारे लेखन किती झाले, हाही प्रश्न ते पुस्तक आपल्याला विचारते. फक्त ‘देइर अजलून’ ही कथा एकटी वाचू नये. तिच्या आधी यिझहार आणि नंतर दरवीश वाचावेत.

आणि हे तिघे मराठीत इंग्रजीच्या मध्यस्थीशिवाय यावेत, अशी माझी इच्छा आहे. हिब्रू आणि मराठी दोन्ही घरात बोलल्या गेलेल्या बेने इस्रायल कुटुंबांतली माणसे आज इस्रायलमध्ये आहेत. ‘हावेर’ या शब्दापुढे अनुवादकाने मित्र लिहावे की सभासद, हे मला त्यांच्याकडून ऐकायचे आहे.